कर्णावर दुमडले तर जुळत का नाही? रेषीय आणि घूर्णन सममितीतला नेहमीचा घोळ

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते. सातवीतल्या तुमच्या मुलीने समांतरभुज चौकोनाच्या कर्णाला सममिती अक्ष म्हटले. कारणही लिहिले, की कर्णामुळे चौकोनाचे दोन एकरूप त्रिकोण होतात. उत्तर चूक ठरले. पुढच्याच प्रश्नात त्याच चौकोनाला घूर्णन सममिती (फिरवल्यावर स्वतःशी जुळणे) आहे आणि तिचा क्रम (एका पूर्ण फेऱ्यात किती वेळा जुळते तो आकडा) २ आहे, असे उत्तर दिलेले. ज्या आकृतीला सममिती नाही म्हणून आत्ताच गुण कापले, तिला लगेच सममिती कुठून आली, हा तिचा सवाल. शिवाय समद्विभुज त्रिकोणाचा क्रम तिने ० लिहिला होता, तिथे १ हवा होता. 'पुस्तकात तसे आहे' एवढ्यावर ती गप्प बसत नाही, तर तिला समजवायचे कसे, असे तुम्ही विचारता.

ती गप्प बसत नाही हे उत्तमच आहे. मी बावीस वर्षे याच वयाच्या मुलांना भूमिती शिकवते आहे, आणि या तीन चुका मला दरवर्षी जवळजवळ याच क्रमाने भेटतात. तिन्हींचे मूळ एकच आहे. मुले सममिती ही आकृतीच्या 'दोन सारख्या भागांची' गोष्ट समजतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण आपणच त्यांना तसे सांगितलेले असते. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षे फळ्यावर हेच लिहायचे, 'जी रेषा आकृतीचे दोन समान भाग करते ती सममिती अक्ष'. एकदा एका मुलाने वहीचा कागद कर्णावर दुमडला, माझ्यापुढे धरला आणि विचारले, "भाग समान आहेत, मग हे कोपरे बाहेर का?" त्या दिवशी मी ते वाक्य फळ्यावरून पुसले ते कायमचे.

तुम्हीही हे करून बघा, आणि समांतरभुज चौकोनाआधी साध्या आयतावर करा. ८ सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद कागद घ्या. त्याचा कर्ण १० सेंमी येतो. कर्णाच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण अगदी एकरूप, प्रत्येकी २४ चौरस सेंमीचे. आता कर्णावर घडी घाला. एक त्रिकोण दुसऱ्यावर बसायला हवा, पण बसत नाही. दोघांचा एकमेकांवर पडणारा भाग फक्त १८.७५ चौरस सेंमी भरतो आणि दोन्ही त्रिकोणांचा ५.२५ चौरस सेंमीचा एकेक कोपरा बाहेर डोकावतो. (हिशेब तिला करायला द्या, पायथागोरस येत असेल तर दहा मिनिटांचे काम आहे. एकमेकांवर पडलेला भाग समद्विभुज त्रिकोण असतो, त्याचा पाया १० आणि बाकीच्या दोन बाजू ६.२५.) म्हणजे भाग समान असणे वेगळे आणि घडी घातल्यावर एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसणे वेगळे. सममिती अक्षाची अट दुसरी आहे.

अजून एक गंमत सांगते, तिला नक्की आवडेल. समांतरभुज चौकोनाचे दोन्ही कर्ण जिथे छेदतात, त्या बिंदूतून कशीही, कुठल्याही तिरप्या दिशेने रेषा काढा. प्रत्येक वेळी चौकोनाचे दोन एकरूप तुकडे होतात. मग 'दोन एकरूप भाग' हीच अट धरली तर समांतरभुज चौकोनाला वर्तुळासारखे अनंत अक्ष द्यावे लागतील! हे ऐकले की बहुतेक मुले आपणहून म्हणतात, मग अट काहीतरी दुसरी असली पाहिजे.

बरे, ते दोन त्रिकोण एकरूप आहेत हे तर खरेच आहे. मग एक त्रिकोण दुसऱ्याच्या जागी न्यायचा कसा? दुमडून जात नाही. कर्णाच्या मध्यबिंदूवर टाचणी रोवून अर्धा फेरा फिरवला की जातो. म्हणजे तुमच्या मुलीने जे पाहिले ती घूर्णन सममितीच होती. तिचे कारण चुकलेले नाही, ते चुकीच्या प्रश्नाखाली लिहिले गेले. मी तपासत असते तरी त्या उत्तराला गुण दिले नसते, पण समासात एवढे नक्की लिहिले असते की हेच कारण पुढच्या प्रश्नाला वापरून बघ.

आता मूळ मुद्दा. सममिती म्हणजे आकृतीचे भाग नव्हेत, आकृतीवर केलेली हालचाल. मी वर्गात असे सांगते: तू डोळे मीट. मी आकृती उचलते, काहीतरी करते आणि परत ठेवते. डोळे उघडल्यावर मी काही केले की नाही हे तुला सांगता येत नसेल, तर मी जे केले ती त्या आकृतीची एक सममिती. हालचाली मुख्यतः दोन. एक पालथी घालण्याची, तिची रेषीय सममिती. दुसरी जागच्या जागी फिरवण्याची, तिची घूर्णन सममिती. या दोन स्वतंत्र हालचाली आहेत. एखादी आकृती एकीला दाद देईल आणि दुसरीला देणार नाही, यात विरोधाभास काहीच नाही.

हे नुसते बोलून मुलांच्या डोक्यात राहत नाही, त्यासाठी मी खिडकीचा खेळ घेते. जाड पुठ्ठ्यातून आकृती कापून काढायची, पण कापताना बाहेरचा पुठ्ठा फाडायचा नाही. म्हणजे हातात तुकडा येतो आणि पुठ्ठ्याला त्याच आकाराची खिडकी राहते. (ब्लेड तुम्ही चालवा, कडा सरळ येणे महत्त्वाचे आहे.) तुकड्याची एक बाजू रंगवा आणि एका कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी टिंब काढा. आता प्रश्न एवढाच: हा तुकडा त्या खिडकीत किती वेगवेगळ्या प्रकारे परत बसतो?

रंगीत बाजू वर ठेवून जितक्या प्रकारे बसतो, तो घूर्णन सममितीचा क्रम. तुकडा पालथा घालून, कोरी बाजू वर ठेवून जितक्या प्रकारे बसतो, तितके सममिती अक्ष.

चौरसाने सुरुवात करा. रंगीत बाजू वर ठेवली तर टिंब चारही कोपऱ्यांत जाऊ शकते, म्हणून क्रम ४. पालथा घातला तरी चार प्रकारे बसतो, म्हणून अक्ष ४. आयत दोन्हीकडे दोनदा बसतो. समभुज त्रिकोण तीनदा आणि तीनदा. पतंगाचा आकार सरळ एकदा, पालथा एकदा. आता तिचा समांतरभुज चौकोन घ्या. सरळ बाजूने तो दोनदा बसतो. पालथा घाला आणि बसवून बघा, कसाही फिरवा, बसतच नाही. तो आता दुसऱ्या बाजूला झुकलेला असतो. माझ्या अनुभवात मुलाला हे हाताने कळण्याचा क्षण फार मोलाचा असतो. ते तुकडा फिरवत राहते, खिडकीत कोंबायचा प्रयत्न करते आणि मग मान वर करून म्हणते, "नाहीच जात." त्यानंतर 'समांतरभुज चौकोनाला सममिती अक्ष नसतो' हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. समद्विभुज त्रिकोणाचा तुकडा रंगीत बाजू वर ठेवून खिडकीत किती प्रकारे बसतो? एका. जिथून काढला तिथेच परत. शून्य प्रकारे बसतो असे म्हणता येईल का? मग तो मुळात तिथून निघाला कसा! म्हणून क्रम कधीच ० नसतो, कमीत कमी १ असतो. पूर्ण फेऱ्यात आकृती किती वेळा स्वतःशी जुळते हे मोजताना ३६०° वर जुळणारी शेवटची वेळ धरायचीच असते, ती हीच. अक्षांची संख्या मात्र ० असू शकते, कारण पालथा घातलेला तुकडा खिडकीत बसलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

इथे एक गोष्ट तुमच्या पुस्तकावर अवलंबून आहे, ती तपासून घ्या. काही पुस्तके 'क्रम १' असे लिहितात, काही 'घूर्णन सममिती नाही' असे. दोन्हींचा अर्थ एकच आहे. पूर्ण फेऱ्याने तर कुठलीही वेडीवाकडी आकृती स्वतःशी जुळते, त्यामुळे फक्त तेवढेच होत असेल तर तिला घूर्णन सममिती आहे असे म्हणत नाहीत. परीक्षेत मी मुलांना दोन्ही एकत्र लिहायला सांगते: 'क्रम १, म्हणजे घूर्णन सममिती नाही.' काही पुस्तकांत क्रमाऐवजी कोटी हा शब्द दिसेल, त्यानेही गोंधळायचे कारण नाही.

आता खिडकीच्या खेळातून निघणारी एक गोष्ट, जी मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटते. वरचे आकडे पुन्हा पाहा: चौरस ४ आणि ४, आयत २ आणि २, समभुज त्रिकोण ३ आणि ३, पतंग १ आणि १, समांतरभुज चौकोन क्रम २ पण अक्ष ०. अक्षांची संख्या एक तर शून्य आहे, नाहीतर क्रमाएवढीच आहे. अधलेमधले काही नाही. हा योगायोग नव्हे. पालथा तुकडा खिडकीत एकदा जरी बसला, तरी तिथून पुढे तुम्ही तो फिरवू शकता. आणि सरळ तुकडा जितक्या वेळा फिरवून बसत होता, तितक्याच वेळा पालथाही बसणार, कारण खिडकी तीच आहे. म्हणून पालथा तुकडा एक तर अजिबात बसत नाही, किंवा क्रमाइतक्या वेळा बसतो. सातवीतल्या मुलीला ही सिद्धता पूर्ण समजू शकते, आणि सिद्धता म्हणून ती कुठेही लंगडी नाही.

हर्मन वाइल या गणितज्ञाने या शोधाचे श्रेय चक्क लिओनार्दो दा व्हिंचीला दिले होते. मधल्या वास्तूची सममिती न बिघडवता तिच्याभोवती छोटी प्रार्थनागृहे आणि कोनाडे कसे जोडता येतील, याचा लिओनार्दोने पद्धतशीर विचार केला होता, आणि त्या विचारात हाच नियम दडलेला होता. चित्रकाराला आणि वास्तुकाराला जे लागते तेच सातवीच्या परीक्षेला लागते, हे मला आवडते.

परीक्षेच्या दृष्टीने हा नियम म्हणजे फुकट मिळालेली पडताळणी आहे. उत्तरात 'अक्ष २, क्रम ४' आले की कुठेतरी मोजणी चुकली, आकृती न बघताही सांगता येते. 'अक्ष १, क्रम २' तर अशक्यच. सुसम षट्कोनाला बारा अक्ष सांगणारी मुले मला खूप भेटतात. त्यांनी प्रत्येक अक्ष दोन्ही टोकांकडून मोजलेला असतो. क्रम ६ हे त्यांना बरोबर येते, मग १२ कसे, असे विचारले की चूक त्यांची त्यांनाच सापडते. हा नियम कागदावर मावणाऱ्या आकृत्यांसाठी आहे, आणि वर्तुळ त्यात 'अनंत आणि अनंत' म्हणून आपोआप येते. वर्तुळाचा तुकडा खिडकीत कसाही टाका, बसतोच.

इथवर थोडक्यात: सरळ बाजू क्रम सांगते, पालथी बाजू अक्ष सांगते, क्रम निदान १ असतो, आणि अक्ष ० किंवा क्रमाएवढे. पुढे अक्ष शोधायचे कसे आणि कोन काढायचा कसा ते बघू, कारण परीक्षेत पुठ्ठा नेता येत नाही.

अक्ष ओळखण्याची खरी कसोटी लंबदुभाजकाची. आकृतीतला कुठलाही बिंदू आणि आरशातली त्याची जागा जोडली, तर त्या जोडरेषेला अक्ष काटकोनात आणि बरोबर मध्यावर छेदतो. ही कसोटी चौकोनांच्या कर्णांना लावा, मग पाठांतराची गरज उरत नाही. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांचे लंबदुभाजक असतात, म्हणून दोन्ही कर्ण अक्ष. पतंगात एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असतो पण उलट नाही, म्हणून एकच कर्ण अक्ष. आयतात कर्ण परस्परांना दुभागतात, पण काटकोनात नाही, म्हणून एकही कर्ण अक्ष नाही. त्याचे अक्ष समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यबिंदूंतून जातात. साध्या समांतरभुज चौकोनातही कर्ण फक्त दुभागतात. त्या दुभागण्यामुळे अर्ध्या फेऱ्यात प्रत्येक शिरोबिंदू समोरच्याच्या जागी जातो, म्हणजे क्रम २ मिळतो. काटकोन नसल्यामुळे अक्ष मिळत नाही. तुमच्या मुलीचे दोन्ही प्रश्न या एका वाक्यात सुटतात: दुभागणे फिरवण्याला पुरते, दुमडण्याला पुरत नाही.

मुले अक्ष चुकवतात ते बहुतेक तिरपे. उभा अक्ष लगेच दिसतो, आडवा थोड्या वेळाने, तिरपा राहूनच जातो. चौरसाला दोनच अक्ष सांगणारे मूल त्याचे कर्ण विसरलेले असते. उपाय अगदी साधा आहे: वही फिरवायची. वही तिरकी धरली की तिरपा अक्ष उभा होतो. सुसम बहुभुजाकृतींत तर ठरलेली पद्धत आहे. बाजूंची संख्या विषम असेल तर प्रत्येक अक्ष एका शिरोबिंदूतून निघून समोरच्या बाजूच्या मध्यावर जातो. सम असेल तर निम्मे अक्ष शिरोबिंदूतून समोरच्या शिरोबिंदूत आणि निम्मे बाजूच्या मध्यातून समोरच्या बाजूच्या मध्यात. षट्कोनाचे तीन आणि तीन, मिळून सहा.

चौकटीच्या कागदावर अर्धी आकृती पूर्ण करायला देतात, तिथेही तिरपा अक्षच दगा देतो. ४५° मध्ये झुकलेल्या अक्षापलीकडे मुले आडवी घरे मोजतात. अंतर मात्र अक्षाला लंब दिशेने मोजायचे असते, म्हणजे घरांच्या कर्णावरून. सोपी युक्ती अशी की ४५° च्या अक्षात आडवे उभे होते आणि उभे आडवे होते. अक्षाच्या अलीकडे तीन घरे लांबीची आडवी रेघ असेल, तर पलीकडे ती तीन घरांची उभी रेघ होऊन येते.

कोनाचे म्हणाल तर क्रम माहीत असला की ३६०° ला त्याने भागायचे. क्रम ३ असेल तर १२०°, क्रम ४ असेल तर ९०°. पण भागायचेच का, हे कुणी सांगत नाही. समजा एखाद्याने म्हटले, माझी आकृती १००° फिरवली की पहिल्यांदा जुळते. मग ती २०० वर जुळेल, ३०० वर जुळेल, ४०० वरही जुळेल. ४००° म्हणजे पूर्ण फेरा झाल्यावर आणखी ४०°. म्हणजे ती ४०° लाच जुळते, मग १०० पहिल्यांदा कसे? सर्वांत लहान कोनाने ३६० ला पूर्ण भाग गेलाच पाहिजे, नाहीतर त्याहून लहान कोन निघतो. हा प्रश्न तिला कोडे म्हणून द्या आणि जुळणारा सर्वांत लहान कोन शोधायला सांगा. १०० च्या पटी घेत गेली की अकराव्या पटीला, ११०० वर, उत्तर येते: तीन पूर्ण फेरे आणि वर २०°. म्हणजे १००° ला जुळणारी आकृती २०° लाही जुळतेच.

फिरवायचे कुठल्या बिंदूभोवती, हीसुद्धा एक नेहमीची अडचण. मुले कोपरा धरून फिरवतात आणि आकृती जागा सोडून जाते. खिडकीच्या खेळात केंद्राचा प्रश्नच येत नाही, म्हणून तो मी आधी घेते. नंतर ट्रेसिंग पेपर आणि टाचणी. दोन अक्ष असतील तर ते छेदतात तिथे केंद्र. अक्ष नसतील पण क्रम २ असेल, तर कुठलाही बिंदू आणि अर्ध्या फेऱ्यानंतरची त्याची जागा जोडा, मध्यबिंदू हेच केंद्र.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगायला हवे, कारण तुमची मुलगी हे प्रश्न विचारणारच.

रोमन लिपीतली मोठी अक्षरे हा पुस्तकांचा लाडका प्रश्न. एन, एस आणि झेड ही फिरवल्यावर जुळणारी पण अक्ष नसलेली अक्षरे, म्हणजे समांतरभुज चौकोनाची भावंडे. एच, आय, एक्स यांना अक्ष २ आणि क्रम २. पण छापलेला एस नीट बघा, पुष्कळ टाइपांत त्याचे वरचे पोट खालच्यापेक्षा किंचित लहान असते, मग काटेकोरपणे क्रम २ राहत नाही. ओ वर्तुळाकार काढला तर अनंत अक्ष, लंबगोल काढला तर दोन. एक्सच्या रेघा एकमेकींना काटकोनात छेदत असतील आणि सारख्या लांबीच्या असतील तर चार अक्ष. म्हणून प्रश्नात आकृती जशी दिली आहे ती बघून, आणि अक्षराचे आदर्श रूप धरून उत्तर द्यायचे. माझ्या मते हा प्रश्नप्रकार परीक्षेत विचारूच नये, पण विचारतात.

रंग धरायचा की नाही हेही आधी ठरवावे लागते. चौरसाचा एक कोपरा रंगवला की चार अक्षांचा एकच उरतो आणि क्रम १ होतो. जपानचा ध्वज यासाठी छान आहे: पांढऱ्या आयतावर मधोमध लाल वर्तुळ, अक्ष २, क्रम २. पण १९९९ च्या कायद्याआधी ते वर्तुळ बरोबर मध्यावर नसून काठीच्या बाजूला ध्वजाच्या लांबीच्या शंभराव्या भागाइतके सरकलेले असे. डोळ्यांना तो फरक जाणवणार नाही, पण भूमितीच्या हिशेबात उभा अक्ष गेला, क्रम १ झाला, एक आडवा अक्ष तेवढा उरला. आणि ब्रिटनचा ध्वज पाहून निम्मा वर्ग 'अक्ष २' म्हणतो. त्यातल्या तिरप्या लाल पट्ट्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध नाहीत, एका अंगाला सरकलेल्या आहेत. त्यामुळे अक्ष एकही नाही, फक्त क्रम २.

घरी सराव करायला मात्र पत्त्यांच्या कॅटसारखे साधन नाही. राजा, राणी, गुलाम हे सगळे अर्ध्या फेऱ्यात तसेच दिसतात, हातात कसेही आले तरी सुलटच वाटावेत म्हणून. पण आरशात ते तसेच राहत नाहीत. चौकटच्या तेरा पत्त्यांपैकी नेहमीच्या कॅटमध्ये फक्त एक पत्ता अर्ध्या फेऱ्यात वेगळा दिसतो. तो कुठला ते तिला शोधू द्या, आणि बदाम, इस्पिक, किलवरमध्ये असे पत्ते जास्त का असतात तेही विचारा. (चौकटचे चिन्ह स्वतःच अर्ध्या फेऱ्यात जुळते, बदामाचे जुळत नाही. मध्यावर एकटे बदाम आले की संपले.)

शेवटी आरशांचे. दोन सपाट आरसे ६०° च्या कोनात उभे करा आणि मधल्या फटीत कागदाचा एखादा वेडावाकडा तुकडा ठेवा. सहा पाकळ्यांचे फूल दिसते. डेव्हिड ब्रूस्टरने १८१६ मध्ये शोधलेला शोभादर्शक याच तत्त्वावर चालतो. आता तिला विचारा, या फुलाचा क्रम किती? ती सहा म्हणेल, सगळेच म्हणतात. मग कागदाच्या जागी एखादे अक्षर लिहून ठेवा. एकाआड एक पाकळीत अक्षर उलटे दिसते. सुलटे फक्त तीन ठिकाणी. म्हणजे फूल ६०° फिरवले तर सुलटे अक्षर उलट्यावर येते आणि जुळत नाही, १२०° फिरवले तर जुळते. क्रम ३, आणि अक्षही ३. आरशांमधला कोन ६०°, फिरण्याचा कोन त्याच्या दुप्पट. कुठल्याही दोन छेदणाऱ्या अक्षांचे असेच असते. एकात परावर्तन केले आणि मग दुसऱ्यात केले, तर दोन्ही मिळून दुप्पट कोनातले फिरवणे होते. म्हणूनच दोन अक्ष असलेली आकृती घूर्णन सममितीशिवाय राहूच शकत नाही. उलट मात्र खरे नाही, तुमचा समांतरभुज चौकोन साक्षीला आहेच.

चाचणी जवळ आली असेल तर आरसे आणि पत्ते नंतरसाठी ठेवा. आज संध्याकाळी पुठ्ठ्याच्या तीन खिडक्या कापा: आयत, समांतरभुज चौकोन, समद्विभुज त्रिकोण. तिला काहीही समजावू नका. प्रत्येक तुकडा सरळ किती वेळा बसला आणि पालथा किती वेळा, एवढे दोन आकडे तिला लिहायला सांगा, आणि समद्विभुज त्रिकोणाच्या वेळी ती 'सरळ' खाली काय लिहिते ते लांबून बघा.